गण्याची चढाई आणि माझी मिठी

माझा नातू गण्या कबड्डी वाईट खेळतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते ओरडून सांगायचं काम मात्र मी एकट्यानं अंगावर घेतलं होतं.

तसा पोराचा दोष न्हाई. आमच्या गावचा पक्का चढाईवाला दिवाळी झाल्या झाल्या बायकोसंगं ऊसतोडीला गेला. मग संघाचा कर्णधार, वेल्डिंगवाला अस्लम, त्यानं गावावर नजर फिरवली अन् एकोणीस वर्षांचा, सहा फुटी गण्या उचलला. निसती उंची बघून! (उंची विजेच्या खांबाला बी असती. पण खांब चढाईला जात न्हाई, हे त्याला उशिरा कळलं.)

गण्याची चढाई म्हंजे पाहुणा सोयरीक बघायला आल्यावानी. उंबऱ्यात उभं ऱ्हायचं, इकडं-तिकडं बघायचं, अन् चहा न पिताच माघारी! एका सामन्यात तर कुणी धरायच्या आत स्वतःच रेघेबाहेर जाऊन उभा ऱ्हायला.

मी कडेला बसून बोंबलायचो, "आरं गाढवा, आत जा की! चावत्यात का ती?"

गण्याच्या आधीच्या गड्यांवर बी मी असाच वरडायचो. माझी म्हातारी होती तवा शेजारी बसायची. "तुमी एकदा जाऊन दावा, मग बोला," म्हणायची, अन् माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरून ठेवायची. मी मैदानात घुसणार याची तिला खात्री! औंदा आखाडात ती गेली. आता घरात माझं ऐकायला कुणी न्हाई, म्हणून सगळं मैदानावरच बोलून घेत हुतो. खोटं कशाला सांगू?

यात्रेतला सामना जामखेडकडच्या संघाशी हुता. अस्लम आधीच माझ्याकडं आला.

"आबा, आज गण्यानं काय केलं न्हाई तर उद्यापासून त्याला बसवतो. राग धरू नका."

"राग कशाचा? मी तर कवाच बसवला असता!"

बोलून गेलो अन् बघतो, तर गण्या मागंच! गुडघ्याला पट्टी बांधत हुता. हात तिथंच थांबला. पट्टी तशीच अर्धी सोडून मैदानात गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी उपरणं तोंडात कोंबलं अन् मधल्या रेघेजवळ गप बसलो. लोकं विचारायला लागली, "आबा, दाढ दुखती का?"

शेवटची चढाई आली. आमी दोन गुणांनी मागं. गण्या निघाला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." अन् काय सांगू, उंबरा ओलांडून थेट माजघरात! एकाला पाय लावला, दोघांना हात. तीन गडी! चौथा मागं धावला अन् तोंडावर पडला. आता निसती मधली रेघ शिवायची, की सामना आमचा. गण्या माझ्याकडंच तोंड करून पळत येत हुता.

सोगा धरायला कुणी नव्हतं.

मी उठलो, चुन्याची रेघ ओलांडली, जामखेडकरांच्या अंगणात शिरलो अन् "माझ्या वाघा!" करत त्याला कवळाच घातला! गच्च! मधली रेघ हातभर ऱ्हायली हुती.

"कबड्डी, कब... आबाऽऽ!"

शिट्टी वाजली. पंच वरडले, "दम तुटला! चढाईवाला बाद!"

अस्लम धावला. "सायेब, बाहेरच्या माणसानं धरलं की!"

"बाहेरचा कसा? तुमच्याच गावचा म्हातारा हाय. जामखेडकरांनी काय धरायला बोलवला व्हता?"

सामना गेला. अख्खी यात्रा हसत हुती. मी मान खाली घालून उभा. गण्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हाई.

"गण्या," अस्लम म्हणाला, "उद्या सकाळी सरावाला ये. तीन गडी मारलेत तू, मी मोजलेत. अन् येताना आबालाबी आण."

"मला कशाला? शिव्या घालायला?"

"न्हाई, बचावाला! आपल्या पोरांनी हंगामभरात येवढी पक्की पकड एकदाबी केली न्हाई."

गण्या खदाखदा हसला, तवा माझ्या जिवात जीव आला. बहात्तराव्या वर्षी गावच्या संघात निवड झाली माझी. आपलाच गडी बाद करून!