बिराण्णाची खालची पापणी

बिराण्णा भेटला की रामराम नंतर. आधी अंगठ्यानं समोरच्याची खालची पापणी ओढून आत बघायचा. मेंढरांची बघायची सवय, ती त्यानं माणसांनाही लावली. आत लाल दिसलं की म्हणायचा, "रगत हाय. जा, चर." फिकट दिसलं की गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याला सगळं दुबलगुंडी गाव भ्यायचं.

त्याचा उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. सगळा कळप डाव्या डोळ्यावर. त्याच डोळ्याच्या खालच्या पापणीवर मसुराएवढी गाठ आली, तिथले केस झडले. जगाच्या पापण्या बघणाऱ्याला स्वतःची दिसली नाही. मला दिसली.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून ती पाडण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता. शाळा तिसरीतच सुटली, पण ही विद्या माझ्यापाशी होती. सून म्हणाली, "मामा, डोळ्यापाशी नका बांधू, दवाखान्यात दावा." मी तिलाच झापलं. केस आवळला, आठ दिवसांत गाठ गळून पडली. मी गावभर सांगत हिंडलो.

चार महिन्यांत ती परत आली, खाली जखम घेऊन. मी परत केस आवळला.

"घोडा लंगडा निघाला की रं तुझा!" बिराण्णा हसला. मी त्याला अण्णाच म्हणायचो.

वर्ष गेलं तेव्हा कुठं गुलबर्ग्याला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर आहे. मग वण बघून चिडल्या, "इथं काय बांधलं होतं? कुणी बांधलं?" मी फेटा बांधून शेजारीच उभा होतो.

"म्याच बांधलो, बाई," अण्णा म्हणाला.

मी फेटा सारखा करत राहिलो.

गाठीसकट पापणी कापली. वरच्या पापणीच्या आतला पदर ओढून खाली शिवला, त्यावर कानामागचं कातडं लावलं. नवी पापणी जीव धरेपर्यंत दीड महिना डोळा शिवलेलाच. मग दुसरं ऑपरेशन करून उघडायचा. तोवर अण्णा ठार आंधळा. मेंढरांच्या पापण्या तो ओढून धरायचा, बघून मी सांगायचो. त्याला घोर नको म्हणून फिकट असली तरी लालच सांगायचो. दोन मेंढरं मेली.

"कामून रं, तुला बी दिसंना झालंय व्हय?"

डोळा उघडला. बिनकेसाची, जाडसर पापणी, पण दिसत होतं. त्यानं पहिल्यांदा माझीच पापणी ओढली. "लाल हाय. मरत न्हाईस." त्यानं मान वळवली, आणि मला त्याच्या कानापुढं हरभऱ्याएवढा उंचवटा दिसला. या खेपेला मी केस काढला नाही. त्याच दिवशी बस धरली. डॉक्टरीणबाईंनी उंचवटा बोटानं दाबून बघितला आणि त्या गप्प झाल्या. अगदी अण्णासारख्या.

त्याच्या शेवटच्या दिवसांत मी म्हणालो, "अण्णा, बाईंना खरं सांगून येतो."

"गप की. गावात तुझं नाव हाय."

अजूनही लोक माझ्याकडं चामखीळ घेऊन येतात. मी त्यांना दवाखान्याची वाट दाखवतो. कामून म्हणून विचारलं तर सांगतो, बिराण्णाच्या पापणीला केस म्याच बांधलो होतो. दोनदा.