इस्लापूरचे आठ, उदगीरचे आठ

इस्लापुरात तीन वर्षं काढली की माणसाच्या मनगटावरचं घड्याळ सैल पडतं. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येणारी मंडळी रेल्वेनं यायची, आणि रेल्वे तिच्या मर्जीनं. 'आठला' म्हणजे गाडी दिसल्यावर. हॉटेलवाला शिट्टी ऐकून चुलीवर कढई चढवायचा. मी तिथं चांगला मुरलो आणि बदली होऊन उदगीरला आलो. लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता आणि पावसानं सलग पाठ फिरवली होती. किल्ला बघायला येणारे आधी पाण्याची चौकशी करायचे. गाव व्यापाऱ्यांचं. शिवपूजा आटोपून ठरल्या वेळेच्या आधीच दुकानाची फळी उघडणार. आठ म्हणजे इथं पावणेआठ. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेलं ठासून सांगायची खोड मात्र होती.

शेजारच्या अक्का एकट्या, लेकीला घेऊन राहायच्या. एका सकाळी दहाला लेकीला बघायला पाहुणे येणार होते. घरात पाणी जेमतेम एक कळशी. टँकर आठचा. अक्कांनी सातलाच चार घागरी रांगेत लावल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"अक्का, टँकर दहाच्या आत येत न्हाई," मी म्हणालो.

"पण भाऊ, आठला सांगितलंय की."

"सरकारी आठ! तसल्ली ठेवा. लेकीचं आवरा."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी परोपकारी माणूस. चारही घागरी उचलून त्यांच्या ओसरीवर आणून ठेवल्या. वर इस्लापूरच्या गाडीचा एक किस्सा ऐकवला. अक्का हसल्या. किस्सा रंगात आला तेवढ्यात कोपऱ्यावर भोंगा वाजला. पावणेआठ.

आम्ही घागरी घेऊन धावलो. सगळी गल्ली पुढं. आमचा नंबर आला तेव्हा पाइपातून नुसता गाळ पडत होता.

अक्का घरोघर फिरल्या. कुणी तांब्या दिला, कुणी अर्धी बादली. "उशीर कसा झाला गं?" या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "माझंच ध्यान राहिलं न्हाई."

पाहुणे दहाला पाच कमी असताना हजर. शिकला-सवरलेला शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. मुलाच्या मामाला गल्लीतच कुणीतरी बातमी पुरवली होती. पाण्याचा पेला खाली ठेवत तो म्हणाला, "टँकर चुकविला म्हणं. वेळेचं भान न्हाई का या घराला?" मग माझ्याकडं वळून, "काय साहेब, तुमी शेजारी. खरं हाय का?"

अक्का माझ्याकडं बघत होत्या. दाराआड लेक उभी होती. चार शब्दांचं काम होतं. मी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणालो, "आज जरा उशीर झाला खरा."

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. कळवलं नाही.

ते गेल्यावर अक्का माझ्या दारात आल्या. वाटलं, आता चांगलं ऐकवतील. हातात पाण्याचा तांब्या होता.

"तुमी बी भरलं न्हाई की आज," म्हणाल्या, "घ्या."

घरोघर मागून आणलेल्या पाण्यातलं उरलेलं ते पाणी. मी घेतलं.