कमरेचं लोखंड आणि चौथी लढत

मी त्याच्याकडून चार वेळा हरलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणाला वाटायला नको की म्हातारा स्वतःची फुशारकी सांगायला बसला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धवट. लिहायला वेळ लागतो, बोटं दुखतात. या बोटांनी गिरणीत साच्यांचे, म्हणजे मागांचे, नट आवळले आणि सहा-सात वर्षं बॉक्सिंग केली. दोन्हींनी त्यांची वाटच लावली.

तो धान्याच्या बाजारात हमाल होता. दिवसभर पोती उचलायचा आणि संध्याकाळी आमच्या व्यायामशाळेत यायचा. वजन चौऱ्याहत्तर किलो, त्यात चरबी नावाला नाही. मिडलवेट म्हणजे एकाहत्तरच्या वर आणि पंचाहत्तरच्या आत. त्या वजनात नागपुरात त्याला आठ-नऊ वर्षं कोणी हरवलं नाही.

यात एक गोम होती. त्या काळात आमच्याकडं त्या वजनाची माणसंच नव्हती. गिरणीचा कामगार ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण खाऊन किती भरणार? आमच्या खात्यात त्या वजनाचा एकच माणूस होता, कँटीनचा आचारी. तो रिंगमध्ये उतरला असता तर दोरीलाच टेकून झोपला असता.

मी साडेसदुसष्ट किलोचा. माझ्या वजनात आमच्या गिरणीचा दुसरा एक मुलगा ठरलेला होता, आणि व्यायामशाळेच्या स्पर्धेत एका वजनात एका गिरणीचा एकच खेळणार असा नियम. मिडलवेटची जागा रिकामी होती. मला खेळायचंच होतं, आणि खेळायचं तर त्याच्याशीच.

व्यायामशाळेकडं काटा नव्हता. वजन व्हायचं शेजारच्या लाकडाच्या टालीवर, जिथं सरपण तोलतात त्याच तराजूत. थंडीचे दिवस, म्हणून कपड्यांसकट तोलायचे आणि कपड्यांचा एक किलो वजा धरायचे. पहिल्या वेळी मी सकाळपासून सहा केळी खाल्ली, टालीवर जाण्याआधी दोन तांबे पाणी ढोसलं आणि कमरेला, पायजम्याच्या आत, फडक्यात साच्याचे लोखंडी नट बांधले. दीड-पावणेदोन किलो तरी असतील. पारड्यात बसलो, काटा एकाहत्तरच्या वर गेला. उठताना कमरेत खुळ्ळ आवाज झाला. मी खोकलो. मागं तो रांगेत उभा होता.

ती लढत मी गुणांवर हरलो. दुसरीही तशीच, लोखंड बांधूनच. तिसऱ्या वेळेपर्यंत अंगावर किलो-दीड किलो चढलं होतं, म्हणून फक्त पाणी प्यालो. तिन्ही लढतींत तिन्ही राउंड उभा राहिलो. नाक फुटलं, ओठ फुटला, पण पडलो नाही.

मग मी चहाच्या टपरीवर सांगू लागलो. 'त्यानं कोणाले हरवलं गा? मी साडेसदुसष्टचा. कमरेले नट बांधून उतरत होतो. बरोबरीचा माणूस भेटला असता तं समजलं असतं.' लोक हसायचे. मला मजा वाटायची. हरलेल्या माणसाजवळ सांगायला काहीतरी लागतं, आणि माझ्याजवळ हे चांगलं होतं, खरंही होतं. मी सांगत गेलो. पंधरा-वीस वर्षं सांगत गेलो. टपरीवर माझं नावच 'नटबोल्ट' पडलं.

सत्तरची वर्षं संपली. रिंग गेली, तिथं कॅरमचं टेबल आलं. व्यायामशाळेला रंग लागला आणि भिंतीवर एका जुन्या खेळाडूचा मोठा फोटो लावायचं ठरलं. एकाचाच. पाच जणांची कमिटी झाली, त्यात जुना म्हणून मीही. सेक्रेटरी धरमपेठेतला बँकेतला तरुण होता, स्कूटरवर यायचा. मुलगा वाईट नव्हता. इंग्रजी मासिकं वाचायचा आणि त्यातलं आम्हाला समजावून सांगायचा.

दोन नावं होती. एक आमचा हमाल. दुसरा हलक्या वजनाचा एक जण, जो एकदा कलकत्त्याला गेला, दोन लढती जिंकला आणि तिसरी हरला.

सेक्रेटरी म्हणाला, "काका, नुसतं किती जिंकला हे पाहून चालत नाही. कोणाला हरवलं ते पाहावं लागतं. बाहेरच्या देशात एक मिडलवेट होऊन गेला, वर्षानुवर्षं चॅम्पियनचा पट्टा सोडला नाही. आता लोक म्हणतात, समोर कोण होते? खालच्या वजनातून वर चढवलेले."

"मंग?" मी म्हटलं.

"मग हिशोब करा. तुमच्या चॅम्पियनसमोर कोण? एक पोलीस शिपाई, ज्याला दुसऱ्या राउंडमध्ये दम लागला. एक खापा गावचा पैलवान, जो मिठी मारून उभा राहायचा. आणि चार वेळा तुम्ही."

"तं मी काय वाईट होतो का?"

"मी कुठं म्हणतो? तुम्हीच सांगता ना. साडेसदुसष्ट, कमरेला नट, पोटात पाणी. अख्ख्या मोहल्ल्याला पाठ आहे."

सगळे हसले. मीही हसलो, सवयीनं. मग पटकन हसू थांबलं. माझ्याच तोंडचं वाक्य घेऊन तो हमालाला खाली उतरवत होता. निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला.

मधल्या आठवड्यात मी हमालाच्या घरी गेलो. धान्याच्या धुळीनं त्याची छाती गेली होती. दारात रिकाम्या पोत्यावर उन्हाला बसला होता.

"ये गा, नटबोल्ट," तो म्हणाला. "फोटोचं काय होऊन राहिलं?"

"चाललं आहे."

"लावा का नोका लावू, मले काय करायचं आहे?" असं म्हणून तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो घेऊन आला. स्टुडिओत जाऊन नवा काढला होता. जवानीतला फोटो त्याच्याकडं एकही नव्हता. म्हातारा माणूस, पांढऱ्या मिशा, बनियन, हातात कोणाचे तरी मागून आणलेले ग्लोव्ह्ज, आणि मागं पडद्यावर रंगवलेलं तळं. बसस्टँडवर हरवलेलं सामान शोधत असावा असा चेहरा.

"मस्त आला," मी म्हटलं.

"खरं सांग."

"हात जरा खाली आहे तुहा."

"दम लागते गा हात वर धरला तं."

मी त्याला सेक्रेटरीचं म्हणणं सांगितलं. माझ्या वजनाचंही सांगितलं. त्याला ते ठाऊक होतं, टपरी काही लांब नव्हती. तो बराच वेळ खोकत राहिला.

मग म्हणाला, "टालीवर तुह्या कमरेत वाजलं, तवाच समजलं होतं मले. पोटबी तुहं माठावाणी दिसत होतं. म्हून पोटात नाही मारलं. रिंगमंदी ओकला असता तं लोकं हसले असते तुले."

त्याला पोटात मारता येत नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. तेही माझ्याच तोंडचं.

"चौथ्या खेपेले नाही वाजलं, अन् पोटबी सपाट होतं," तो म्हणाला.

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पोत्याचा एक सुटलेला धागा ओढत बसला.

चौथ्या वेळेची गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. तिसरी हरल्यावर मी हट्टाला पेटलो होतो. वर्षभर गिरणीकडून मिळणारं दूध, घरातली अंडी, उरलंसुरलं, सगळं मीच खाल्लं. बायको म्हणायची, "अंडे घरचे खाता अन् मार बाहेरचा खाता." पण वजन भरलं. त्या दिवशी टालीवर मी उपाशीपोटी बसलो, कमरेला काही नाही, पोटात घोटभर पाणी नाही. बहात्तर किलो. पारड्यातून उतरताना छाती फुगली होती माझी. माझं वय एकोणतीस, त्याचं तेहतीस. हात चांगले चालत होते. आज तू आहेस आणि मी आहे, असं मनात म्हणत उतरलो.

घंटा झाली. मी दोन ठोसे टाकले. तो डावीकडं सरकला. मग माझ्या फासळ्यांखाली काहीतरी आत गेलं. हात होता हे नंतर समजलं. मी गुडघ्यावर बसलो, तोंड उघडं, श्वास आत जाईना आणि बाहेरही येईना. पंचानं दहा मोजले. माझ्या घामाला सुटायलाही वेळ मिळाला नव्हता. त्यानंच मला काखेत हात घालून उठवलं आणि कानाशी म्हणाला, "हळू. बसून ऱ्हाय जरा."

त्यानंतर मी खेळलो नाही. आणि टपरीवर गोष्ट सांगताना चारही लढतींच्या कमरेला नट बांधून टाकले.

रविवारी सकाळी कमिटी बसली. मी जाऊ नये असं वाटत होतं. गुडघे दुखत होते, ते निमित्त होतंच. तरी गेलो.

सेक्रेटरी म्हणाला, "मग काका, कलकत्तावाल्याचं नक्की करू या?"

"थांब," मी म्हटलं. "चौथ्या लढतीत माहं वजन पुरं होतं. बहात्तर. नट नव्हते. पाणी नव्हतं."

"पण तुम्ही तर..."

"मी खोटं बोललो. पहिल्या दोन्हींत लोखंड होतं, तिसरीत पाणी. चौथीत काहीच नव्हतं. मी त्याच्या बरोबरीचा होतो, माह्या उमेदीत होतो, अन् त्यानं मले पहिल्याच राउंडमंदी एका ठोशात बसवलं. पोटात. लिहून घे."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील.

सेक्रेटरीनं पेन हातात धरलं, पण लिहिलं नाही. "काका, ही एकच लढत झाली."

"हो. एकच. बाकी त्याच्यासमोर आलंच कोण? त्याले कोणी कलकत्त्याले पाठवलं होतं का? पाठवलं असतं तं जिंकला असता का हरला असता, मले नाही माहीत. तुलेबी नाही. पण माहं मले माहीत आहे. मी चांगला होतो. विचार कोणाले बी. ज्याले हरवलं तो किती चांगला, हेच पाहायचं ना तुले? तं मी चांगला होतो."

हे मी मोठ्यानं बोललो. नंतर लक्षात आलं, आयुष्यात पहिल्यांदाच मी हरलो हे सांगताना स्वतःची तारीफ केली होती.

वहीत लिहिलं गेलं. मी सही केली, नेहमीसारखी एक मात्रा विसरून. तीन विरुद्ध दोन मतांनी फोटो लागला. मागच्या तळ्यासकट. तो पाहायला आला तेव्हा बराच वेळ खाली उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "हात खालीच आहे गा."

दोन हिवाळ्यांनंतर तो गेला.

टपरीवर आता नवी पोरं बसतात. कधी जुना कोणी असला तर म्हणतो, सांग गा नटबोल्ट, तुही ती गोष्ट. मी सांगत नाही. कंटाळा येतो. आणि सांगायचीच झाली तर आता चौथ्या लढतीपासून सांगावी लागते. ती गोष्ट चहा येण्याआधी संपते.