निम्म्या पाण्याची बादली

सांजदैनिकाच्या कचेरीत त्याला सगळे ‘हत्ती’ म्हणत. अंगाने तो काडी. शहरात रोज निघणारा कचरा त्याने एकदा हत्तींची लांबलचक रांग काढून दाखवला होता. बातमी लोक विसरले, रांग विसरले नाहीत. कोरडा आकडा समोर आला की त्याचे हात शिवशिवत. सत्तावीस वर्षं तो हेच करत आला होता.

त्याचा एक नेम होता. चित्र छापायला धाडण्याआधी चहावाल्या मावशींना दाखवायचं. मावशींना वाचता येत नसे, म्हणजे आकडा बघून त्या उत्तर देणार नाहीत, याची खात्री. प्रश्न एकच: लहान चित्र मोठ्यात किती वेळा मावेल? उत्तर आकड्याशी जुळलं, तरच चित्र खाली छपाईखान्यात जाई.

त्या दिवशी धरणाची बातमी उशिरा आली. गेल्या वर्षीच्या निम्मंच पाणी उरलेलं. हत्तीने गेल्या वर्षीची बादली काढली, तिचीच नक्कल संगणकाच्या पडद्यावर निम्म्या मापाची करून शेजारी ठेवली आणि घाईघाईने धाडून दिली. मावशी आल्या तेव्हा पान गेलं होतं. तरी सवयीने त्याने विचारलं.

“आठ तरी ओताव्या लागतील,” मावशी म्हणाल्या. “पाणी संपलंच म्हणा की.”

हत्तीने कप ठेवून चित्र पुन्हा पाहिलं. उंची निम्मी करताना रुंदीही निम्मी झाली होती, आणि बादली गोल म्हणून पुढून मागपर्यंतचं मापही; निम्म्याच्या जागी आठवा हिस्साच दिसत होता. नवशिक्याची चूक.

पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर त्याची धाकटी बहीण बसत असे. दोन वर्षांपूर्वी पाणी बंद होणार अशी आवई उठली, तेव्हा त्याच खिडकीवर दगड आले होते. तिच्या भुवईवर पाच टाके पडले. आणि पेपरचा पहिला गठ्ठा जाई तो त्याच भागात, सगळ्यात लांब म्हणून.

तो जिने उतरून छपाईखान्यात पोचला, तर यंत्र धडधडत होतं. फोरमनने लाल वही पुढे सरकवली. यंत्र थांबवायला लावणाऱ्याने वहीत सही करायची आणि तिसऱ्या सहीला खुर्ची सोडायची, असा मालकांचा नियम. हत्तीच्या दोन झाल्या होत्या.

“तिसरी आहे, हत्ती. बघ बुवा.”

“पेन दे.”

यंत्र थांबलं. तोवर सहाशे प्रती गाडीतून गेल्या होत्या.

त्याने बहिणीला फोन लावला, झालं ते सांगितलं, खिडकी लावून मागच्या दाराने निघ म्हणाला.

“खरं पाणी किती आहे, दादा?”

“निम्मं.”

“मग मी बसते. खिडकी बंद दिसली की तुझं चित्रच खरं ठरेल.” आणि तिने फोन ठेवला.

हत्तीने चित्र बदललं: सारख्याच दोन बादल्या, एक काठोकाठ, एक निम्मी. मावशींनी ‘दोन’ म्हटल्यावर नवी प्लेट चढली, आणि तो स्कूटर काढून पाणीखात्याकडे सुटला.

खिडकीसमोर चाळीस-पन्नास माणसं होती. हातात पेपर, आवाज चढलेले. पण पुढची माणसं वाकून काहीतरी बघत होती. खिडकीच्या कट्ट्यावर फरशी पुसायच्या दोन लाल बादल्या होत्या, एक भरलेली, एक निम्मी. बहिणीचं बोट निम्म्या बादलीतल्या पाण्याच्या रेषेवर होतं. तिने ते हलवलं नाही.

“एवढंच?” एकाने विचारलं.

“एवढं आहे. हात घालून बघा हवं तर.”

त्याने खरंच हात घातला. मग पुटपुटत बाजूला झाला. त्याच्यामागचा पुढे आला.

कुणी घरी जात नव्हतं, पण कुणी दगडासाठी खालीही वाकत नव्हतं. हत्ती रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुढच्या गृहस्थाने पेपरची सुरळी करत मागे वळून विचारलं, “हे पेपरवाले मूर्ख आहेत का हो?”

“एक आहे,” हत्ती म्हणाला. “उद्यापासून नसेल.”