पापुद्रेकाकांचा निळा उजेड

लाकूड संशोधन केंद्रात पापुद्रेकाका एकतीस वर्षं एकच काम करत होते. लाकडाचे पापुद्रे काढायचे. त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना पापुद्रेकाकाच म्हणायचे.

काम सांगायला सोपं. उष्ण रानांतली जड, टणक लाकडं केंद्रात यायची. त्यांचा बोटाच्या पेराएवढा ठोकळा करायचा, तो मऊ पडेपर्यंत दोनदोन दिवस पाण्यात उकळायचा, सरकत्या पात्याच्या यंत्रात आवळायचा आणि पातं दमानं ओढायचं. निघेल तो पापुद्रा असा पातळ हवा की खाली वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता यावी. काही लाकडं अशी अडेल, की त्यापेक्षा लाथाळ म्हैस परवडली. काका त्या लाकडांना पुटपुटत शिव्या द्यायचे, आणि लाकडं ऐकायचीही. निघालेला पापुद्रा गुंडाळी करून बसतो, तो कुंचल्यानं उचलून टिपकागदात सपाट दाबायचा, लाल रंगात बुडवायचा आणि काचेवर बसवून साहेबांपुढं ठेवायचा. साहेब सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावून लाकडाची जात सांगायचे.

आता हा टिपकागद भांडारात मिळायचा. पण भांडारपाल असा चिक्कू, की दोन कागदांसाठी तीन सह्या मागायचा. पहिल्याच वर्षी काकांनी त्याच्या नावानं हात जोडले आणि स्वतःचा रुमाल काढला. तेव्हापासून प्रत्येक पापुद्रा रुमालाच्या घडीत दाबला गेला. लाल रंगाखाली सगळं झाकून जायचं, कुणाची काही तक्रार नव्हती.

मग नव्या मॅडम आल्या. वयानं काकांच्या लेकीएवढ्या. त्यांनी नव्या तऱ्हेची दुर्बीण आणली आणि तिच्यासाठी एक खोली काळ्या पडद्यांनी गच्च बंद केली. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना सांगितलं, रंग लावायचा नाही. लाकडाच्या पेशींवर विशिष्ट जांभळा उजेड पाडला की त्या आपल्याआप चमकतात, भिंती वेगळ्या, नळ्यांत साठलेला डिंक वेगळा, आणि ती चमक पाहायची तर वरून काही फासलेलं चालत नाही.

काकांची बोटं एकतीस वर्षांत नखांपर्यंत लाल झाली होती. ते मनातून दुखावले. मग मी करू तरी काय, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, सगळं पूर्वीसारखंच करा, फक्त रंगाची बाटली उघडू नका. काकांनी तसंच केलं.

आणि पहिल्याच पापुद्र्यानं कमाल केली. काळपट, दगडासारखं जड लाकूड ते, पण अंधाऱ्या खोलीत त्याच्या पेशी निळ्याशार पेटल्या. मॅडम धावतच बाहेर आल्या. या जातीत असा निळा उजेड कुणी नोंदवलेला नव्हता. त्यांनी निबंध लिहायला घेतला, परगावच्या एका मोठ्या तज्ज्ञांना बघायला बोलावलं, आणि निबंधावर आपल्या खाली काकांचं नाव घातलं.

इथं काकांचा जीव गुंतला. त्यांना निवृत्त व्हायला दोन महिने होते. त्यांच्या पापुद्र्यांवर साहेबलोकांनी दोन कपाटं भरतील इतकं छापलं होतं, आणि त्या दोन कपाटांत काकांचा उल्लेख एकदाच, तोही ‘एका मदतनिसाच्या साहाय्याने’. आता पुरं नाव छापून येणार होतं. त्यांनी घरी सांगितलं, बायकोनं आळीत सांगितलं, आणि दोन दिवसांत न्हावी त्यांना शास्त्रज्ञ म्हणू लागला.

आठवड्यानं मॅडमनी त्यांना कौतुकानं अंधाऱ्या खोलीत बोलावलं. आपल्याच हातचा पापुद्रा एकदा बघा म्हणाल्या. तोवर काका त्या खोलीत गेलेच नव्हते. मॅडम दुर्बिणीला डोळा लावून खटपट करत होत्या, जांभळा उजेड कडेनं थोडा बाहेर सांडत होता. काकांनी सहज खाली पाहिलं. त्यांच्या सदऱ्याचा पुढा निळा पेटला होता. बाह्या निळ्या. आणि खिशातून रुमालाचं टोक डोकावत होतं, ते तर विजेच्या दिव्यासारखं. काकांनी रुमाल खिशात कोंबला आणि त्यावर तळहात ठेवला. मग मॅडमनी त्यांना दुर्बिणीपाशी बसवलं. आत तोच निळा, अगदी तोच. काका छातीवर हात ठेवून बघत राहिले. मॅडमना वाटलं, गहिवरले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सरळ विचारलं, तू धुण्यात टाकतेस तरी काय. तिनं पाकीट दाखवलं. कपडे पांढरेशुभ्र करायची पावडर. पाकिटावर एक चमचा लिहिलेला, ही तीन टाकायची. कारण तिच्या मते पाकिटावर लिहिणाऱ्यानं जन्मात कधी धुणं धुतलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवायला गेल्यावर काकांनी एकाच ठोकळ्याचे दोन पापुद्रे काढले. एक रुमालात दाबला. दुसऱ्यासाठी भांडारपालाच्या तीन सह्या आणून टिपकागद घेतला. मग पडदा सारून आत गेले. रुमालवाला निळा पेटला. टिपकागदवाल्याच्या भिंतींत फिकट हिरवट उजेड होता, आणि नळ्यांतल्या डिंकाचे पिवळे ठिपके, विझत आलेल्या शेणीतल्या निखाऱ्यासारखे. लाकडाचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच.

तज्ज्ञ चौथ्या दिवशी यायचे होते. काका तीन दिवस तोंड शिवून बसले. निबंधाच्या पहिल्या पानाची प्रत मॅडमनी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. ते दिवसातून दहादा आपलं नाव वाचायचे आणि दहादा पान पालथं घालायचे. शेवटी ज्या सकाळी तज्ज्ञ येणार, त्या सकाळी ते मॅडमच्या दारात उभे राहिले.

“मॅडम, तो उजेड लाकडाचा नाही.”

“मग कशाचा?”

“आमच्या हिच्या धुण्याचा.”

मॅडमना आधी काही कळेना. काकांनी रुमाल काढून जांभळ्या उजेडाखाली धरला. मग दोन्ही काचा पुढं ठेवल्या. मॅडम एक बघत, मग दुसरी बघत, पुन्हा पहिली बघत. काकांना वाटलं, आता या रडणार नाहीतर आपल्याला पात्याखाली घालणार.

“काका, हे तुम्हाला कधी कळलं?”

“तीन दिवस झाले.”

“आणि आज सांगताय?”

“नाव छापून येणार होतं ना,” काका म्हणाले. “तुम्ही ते आता खोडा. पण त्या पाहुण्यांपुढं तुमचं हसं नको.”

मॅडमनी पेन उचललं आणि निबंधाच्या मथळ्यावरच आडवी रेघ ओढली. मग घड्याळ बघून म्हणाल्या की तज्ज्ञ यायला दोन तास आहेत, बारा पापुद्रे हवेत, आणि खिशातला तो रुमाल आधी खोलीबाहेर ठेवा. भांडारपालाला इतक्या सह्या एका दिवसात कधी मिळाल्या नव्हत्या.

तज्ज्ञांनी फिकट हिरवा आणि पिवळा उजेड पाहिला, असंच असायला हवं म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. निबंध चार पानांचाच झाला: पापुद्रे कशात दाबू नयेत. काकांचं नाव मॅडमनी खोडलं नाही. उलट आपल्या वर घातलं. चूक शोधली त्याचं नाव पहिलं, एवढंच म्हणाल्या. मात्र चाचणीसाठी त्यांना ती पावडर हवी होती, म्हणून काकूंना पाकीट घेऊन बोलावलं.

काकू आल्या त्या फुगूनच. चमकलं ते माझ्या धुण्यानं आणि नाव तेवढं तुमचं, हे त्यांनी वाटेतच काकांना तीनदा ऐकवलं होतं. मॅडमनी त्यांची समजूत घातली, त्यांना दुर्बिणीपाशी बसवलं आणि लाकडाचा खरा, मूळचा उजेड दाखवला. काकूंनी एक डोळा मिटून नीट पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

“मळकट आहे,” त्या म्हणाल्या, आणि पाकिटाचं तोंड उघडू लागल्या.