वहिनींच्या सागावरची अळी

हदगावच्या बाजूच्या आमच्या गावानं मयताची राख नदीत सोडायची पद्धत मोडली. गायरानात खड्डा करायचा, त्यात राख टाकायची आणि वर रोप लावायचं. तिथं आता चांगलं रान झालंय. शेजारच्या वहिनींनी नवऱ्याच्या राखेवर साग लावला. त्यांचा नवरा म्हणजे माझा जिगरी दोस्त. कपाशीवर फवारताना औषध बाधलं, तो दवाखान्यातून परत आलाच नाही.

यंदा पावसाळ्यात सागांवर अळी पडली. झाडाखाली उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा आवाज यायचा. आठवड्यात पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. वहिनी रोज हाताला येतील तेवढ्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

"भाऊजी, हे झाड गेलं तर मी कुठं जाऊन बसू?" त्या एकदा म्हणाल्या, आणि माझं डोकंच फिरलं. थांबणं मला कधी जमलेलं नाही. गायरानातलं हे रान सांभाळणाऱ्या गावच्या समितीतले लोक निंबोळी अर्क करू म्हणत होते. निंबोळ्या कुटा, रात्रभर भिजवा, गाळा. "तवर झाडाचा खराटा होईल," असं त्यांच्यावर खेकसून मी घरातलं कपाशीचं जहाल औषध पंपात ओतलं आणि थेट गायरान गाठलं.

वहिनी झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सरका वहिनी, तुमच्याच झाडासाठी करून राहिलो."

"झाडाचं ऱ्हाऊ द्या. तोंडाला काय बांधलंय तुमी?"

काहीच बांधलं नव्हतं. औषध कालवताना बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"त्यांनीबी बांधलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी बांधावरच होते, भाऊजी. बांधा म्हणले न्हाई."

मी पंप खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. त्यांनी साबणाची वडी माझ्या हातात दिली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि कोपरापर्यंत घासायला लावलं.

मग समितीनं निंबोळी अर्कच केला. ऊन उतरल्यावर फवारायचो. थोडी अळी त्यानं गेली, थोडी पाखरांनी खाल्ली. साग पुन्हा फुटला. वहिनी परत त्याच्या सावलीत बसायला लागल्या.

अजूनही मी पंप घेऊन निघालो की त्या दारातून माझ्या तोंडाकडे बघतात. निंबोळीच्या पाण्याला कशाला रुमाल, असं अगदी ओठांवर येतं. पण मी बांधतो.