विहाराच्या मागे

मागे, समोर, बाजूला, जवळ. या चार शब्दांवरून आमच्या नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात वर्षभर भांडणं झाली, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आम्ही कॉम्प्युटरवरचे नकाशे करतो. अँब्युलन्स बोलावणारा फोनवर जो पत्ता सांगेल तो मशीनने समजून घ्यायचा, नकाशावर लाल ठिपका उमटवायचा आणि ड्रायव्हरने त्या ठिपक्यावर जायचं, असं ते काम. बाहेरून आणलेल्या मूळ मशीनला फक्त घर नंबर आणि रस्त्याचं नाव कळायचं. नागपुरात चक्कर आलेला माणूस घर नंबर सांगत नाही. तो सांगतो, 'टाकीजवळ', 'शाळेच्या बाजूले', 'मंदिराच्या मागे'. म्हणजे मशीनला आमची बोली शिकवणं आलं.

'मागे'ने सगळ्यांत जास्त डोकं खाल्लं. शेवटी नियम ठरला: इमारतीची जी बाजू मोठ्या रस्त्याकडे ती समोरची, तिच्या पलीकडची ती मागची. धरमपेठेत तपासून पाहिलं तर नियम चोख निघाला. तिथे देव, दुकान आणि बँक, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडेच असतात. सगळे खूश. मला आपली धाकधूक होती, पण माझ्या धाकधुकीला ऑफिसात कोणी भीक घालत नाही. काळजी करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. गॅस बंद केला का, हे पाहायला मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरते. एखादा फोन दोनदा वाजून बंद झाला तरी मी लगेच उलटा फोन लावते.

काही वस्त्यांत ते मशीन सुरू झालं. आलेले कॉल आम्हाला आमच्या स्क्रीनवर दिसत. नुसतं पाहायचं, हात लावायची परवानगी नव्हती. एका दुपारी डबा खाऊन मी जागेवर येऊन बसले आणि नवी ओळ उमटली. 'महिला, वय सदुसष्ट. शुगरची पेशंट. घाम, थरथर. घरी एकटी. विहाराच्या मागे, निळं गेट.' खाली मी वाढले त्या वस्तीचं नाव.

निळी गेटं आमच्या वस्तीत घरोघरी आहेत. पण विहाराच्या मागे एकटी राहणारी सदुसष्ट वर्षांची बाई एकच, माझी आई.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, त्यावरून ती कुठे आहे हे मशीनला कळायची सोय नाही. तिने तोंडाने जे सांगितलं तेवढंच खरं. तेवढ्यात ठिपका उमटला. ठिपका विहारासमोरच्या ग्राउंडवर होता.

आमचा विहार बांधला तेव्हा तिथे मोठा रस्ता नव्हताच. समोर ग्राउंड होतं, जयंतीला माणसं तिथेच जमायची, म्हणून विहाराचं दार आणि बुद्धमूर्तीचं तोंड ग्राउंडकडे. मूर्तीच्या पाठीमागे जी घरं झाली ती 'विहाराच्या मागची'. आमचं त्यातलंच. सिमेंट रोड फार नंतर आला, आणि आला तो नेमका आमच्या गेटपुढून. पण म्हणून काही वस्तीत कोणी मागच्या बाजूला समोरची म्हणायला लागलं नाही. मूर्तीची पाठ जिकडे, ती मागची बाजू. मशीनला मूर्ती दिसत नव्हती, रस्ता दिसत होता.

आईच्या शेजारच्या मावशींना फोन केला. त्या कळमन्याच्या बाजारात संत्री घ्यायला गेल्या होत्या, आणि मी बोलायच्या आत तिथूनच "काय झालं वं?" म्हणून ओरडायला लागल्या. त्यांचा फोन ठेवला आणि स्क्रीनवर दिसत होता तो ड्रायव्हरचा नंबर लावला.

"मॅडम, इथं घरच नाही ना," तो म्हणाला. "पूर्ण ग्राउंड आहे. गाई बसून राहिल्या."

"भाऊ, तुम्ही समोर उभे आहात. मागे जा."

"मागेच तं आलो मी. रोडवरून आत आलो गल्लीतून."

मी विचारलं, "विहारात मूर्ती दिसते का? तिचं तोंड कुणीकडे आहे?"

"मॅडम, मी गाडी चालवू का वंदना करू?"

"तोंड कुणीकडे आहे ते सांगा!" मी इतक्या जोरात ओरडले की आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या.

फोनमध्ये गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. "माह्याकडे," तो म्हणाला.

"मग तिच्या पाठीकडे जा. सिमेंट रोडवर निळं गेट आहे. आई आहे ती माझी."

गल्लीत गाडी वळत नव्हती, तो उलटी घेत निघाला. त्याच्या गाडीची खूण नकाशावर मागेमागे सरकत होती आणि मी खुर्चीच्या कडेला बसून ती पाहत होते. मग ती सिमेंट रोडवर आली, आणि थांबली. फोनमध्ये गेट वाजल्याचा आवाज आला. मी फोन कानाला दाबून धरला. मग तोच म्हणाला, "आहे मॅडम. पायरीवर बसून आहे. बोलून राहिली."

पुढे तो नियम बदलला. आता वस्तीवस्तीत जाऊन देवळाचं, विहाराचं, दर्ग्याचं तोंड कुणीकडे हे लोकांना विचारून नकाशात भरतात. मी हे सुचवलं तेव्हा मीटिंगमध्ये कोणी हसलं नाही.

पण मला आठवते ती संध्याकाळ, दवाखान्यातली. सलाईन लागलं होतं, आईच्या चेहऱ्यावर रंग आला होता. शुगरची नवी गोळी घेऊन जेवायचं राहिलं आणि साखर उतरली, एवढंच कारण निघालं. गाडी आधी चुकली, हे तिला ड्रायव्हरने सांगितलं होतं.

"पत्ता तं मी बरोबर सांगतला होता," ती कुरकुरली. "विहाराच्या मागेच तं राहतो आपण."

"हो वं. मशीन चुकलं."

मग माझ्या मनात दुपारपासून खुपत होतं ते विचारलं. "मले काहून नाही केला फोन आधी?"

ती सलाईनच्या थेंबांकडे पाहत होती. "तुले केला असता तं आधी तुलेच धीर द्या लागला असता. मले तेवढा दम नव्हता वं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. इतकं वाईट मला त्या ठिपक्याकडे पाहतानाही वाटलं नव्हतं.